संचाला लेखक नसतो

“भाऊ, संच क्रमांक सातचा लेखक कोण?”

भाऊ कुंभोजकर छपाईची बिलं तपासत बसले होते. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

“संचाला लेखक नसतो,” ते म्हणाले.

“पण सॉफ्टवेअर विचारतंय. नाव दिल्याशिवाय ओळ पुढे सरकत नाही.”

“मग सांग त्याला, नसतो म्हणून.”

मी हसले आणि माझ्या टेबलापाशी परत आले. भाऊंच्या अशा बोलण्याला तेव्हा मी विनोद समजायचे. पुण्यात नारायण पेठेतल्या ‘कुंभोजकर आणि मंडळी’ या प्रकाशन संस्थेत मला लागून जेमतेम दोन महिने झाले होते, आणि माणूस नवीन नोकरीत मालकाच्या प्रत्येक वाक्याला हसतोच. या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली.

सीएनं मागे लकडा लावला म्हणून भाऊंनी लेखकांच्या रॉयल्टीचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं आणि ते चालवायला मला ठेवलं होतं, तेही तात्पुरतं. मुदत जूनअखेरपर्यंत. काम ऐकायला सोपं होतं. विक्रेत्यांकडून आलेल्या फायली सॉफ्टवेअरमध्ये आयात करायच्या. पण दर विक्रेत्याची तऱ्हा निराळी. कुणी परत आलेल्या प्रती वजा करून आकडा लिहायचा, कुणी वजा न करता. नागपूरचा एकजण पुस्तकाच्या नावाऐवजी नुसतं ‘निळं मुखपृष्ठ, जाड’ असं लिहायचा. मी रकाने जुळवून द्यायचे, मग सॉफ्टवेअर एकेक ओळ उचलून त्या त्या पुस्तकाच्या कराराला जोडायचं. जिला करार सापडायचा नाही ती ओळ लाल व्हायची. गेल्या अकरा वर्षांची जुनी विक्रीही अशीच आत घ्यायची होती. पहिल्या दिवशी पडद्यावर एकोणीसशे लाल ओळी होत्या. मी हट्टाला पेटून त्या त्रेचाळीसवर आणल्या होत्या, आणि त्या त्रेचाळीसही ओळींची सुरुवात एकाच शब्दानं होत होती : संच.

गंमत म्हणजे सगळ्यात मोठे आकडे त्याच ओळींत होते.

संच म्हणजे काय ते मला जेवणाच्या सुट्टीत कळलं. शाळांच्या ग्रंथालयांना वर्षाच्या शेवटी अनुदान येतं आणि ते मार्चअखेर खर्चून मोकळं व्हावं लागतं. पुस्तकं निवडत बसायला मुख्याध्यापकांना वेळ नसतो. मग प्रकाशकच पंचवीस पुस्तकांचा गठ्ठा बांधून देतो. गठ्ठ्याला नंबर असतो, बिलावर एकच ओळ असते. आत कोणती पुस्तकं आहेत ते बिलावर येत नाही. आणि बिलावर जे येत नाही ते रजिस्टरात लेखकाच्या पानावर चढत नाही. जुन्या रजिस्टरांत संचांची पानं अगदी शेवटी, वेगळी होती. तिथे रॉयल्टीचा रकानाच आखलेला नव्हता.

इथे मी शहाणपणा केला. सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेत एक सोय दिलेली होती : गठ्ठ्यानं विकलेल्या मालाची आतल्या पुस्तकांत विभागणी करायची. गठ्ठ्यात काय काय आहे एवढं सांगितलं की झालं. गोदामात संच बांधताना वापरायच्या याद्यांची फाइल पडलेली होती. मी ती आणली, धूळ झटकली आणि तीन दिवस बसून सगळ्या याद्या भरल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, भाऊ खूश होतील आणि मला कायम करतील. नवऱ्याचा पिंपरीतला कारखाना दिवाळीत बंद पडला होता, मुलगी चार वर्षांची होती, आणि कायम होण्यापलीकडे मला त्या दिवसांत दुसरं काही सुचत नव्हतं.

बुधवारी दुपारी मी बटण दाबलं. त्रेचाळीस लाल ओळी एकामागून एक काळ्या झाल्या. मग सहज म्हणून लेखकांची विवरणपत्रं उघडून बघू लागले, आणि शकुंतला भोगले या नावापाशी थांबले.

या बाईंना मी न भेटता ओळखत होते. पत्रव्यवहाराच्या फायलीत त्यांची अकरा पोस्टकार्डं होती, दर जूनला एक. भोर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या शिक्षिका होत्या, मग निवृत्त झाल्या. त्यांचं एकच पुस्तक होतं, ‘भिंतीवरची पाल आणि इतर शेजारी’. घरातल्या पाली, कोळी, रातकिडे, मुंगळे यांच्याबद्दल, मुलांसाठी. कार्डावरचा मजकूर दरवर्षी तोच : “यंदा किती प्रती गेल्या ते कृपया कळवावे. पैशांची घाई नाही. मुले वाचतात का एवढेच जाणून घ्यायचे आहे.” आणि खाली आमच्याकडून गेलेल्या उत्तराची नक्कल : “विक्री मंद आहे. गेल्या वर्षी अडतीस प्रती गेल्या.” कधी एकतीस, कधी बावीस. एका वर्षी नऊ.

पडद्यावर आता आकडा होता सहा हजार चारशे बारा. बाईंची पाल चार वेगवेगळ्या संचांत बसलेली होती. अकरा वर्षं ती महाराष्ट्रभर फिरत होती, गोंदियापासून सावंतवाडीपर्यंत. मी गोदामातून एक प्रत मागवून बघितली. कोरी करकरीत, त्याच वर्षीची छपाई. आत मात्र ‘पहिली आवृत्ती’ हे शब्द आणि अकरा वर्षांपूर्वीची तारीख जशीच्या तशी होती.

तेव्हा मला संशय यायला हवा होता. पण मी इतकी हुरळले होते की भाऊंच्या आधी बाईंनाच फोन लावला. आता विचार करते तेव्हा त्या दोन महिन्यांत मी केलेलं तेवढंच एक काम मला धड वाटतं.

“बाई, मी कुंभोजकरांकडून निलांबरी बोलतेय. तुम्ही दरवर्षी विचारता ना, किती प्रती गेल्या? सहा हजार चारशे बारा.”

पलीकडे रेडिओ चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

“बाई?”

“अगं, चुकून दुसऱ्या कुणाचा आकडा नाही ना बघितलास?”

“नाही बाई. तुमचाच. सगळ्या शाळांनी घेतलीत.”

“शाळांनी घेतली?” त्यांचा आवाज बदलला. “म्हणजे मुलांच्याच हातात गेली म्हण की. सहा हजार शाळा! एकेका शाळेत दहा पोरांनी जरी वाचलं असेल तरी… थांब, मला जरा बसू दे.”

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग त्या एकदम हसायलाच लागल्या.

“मी काय समजत होते सांगू? मला वाटायचं, आपल्याला लिहिता येत नाही. उगाच भाऊंना खर्चात घातलं. दुसरं एक लिहून ठेवलंय गं, विहिरीत कोण कोण राहतं त्याचं. बेडूक, कासव, पाणकोळी, कपारीतली कबुतरं. चार वर्षं झाली, कुणाला दाखवायची हिंमत नव्हती. उद्याच येते घेऊन. भाऊ असतील ना?”

“असतील बाई. या तुम्ही.”

त्यानंतर मी विवरणपत्र छापलं आणि मिरवत भाऊंच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

भाऊंनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. आरडाओरडा करणारा माणूस तो नव्हता. ओरडले असते तर बरं झालं असतं, निदान मला रडता तरी आलं असतं.

“हे कुणाला दाखवलंस?”

“भोगलेबाईंना फोन केला, भाऊ. फार खूश झाल्या. उद्या येतायत.”

“दार लाव,” ते म्हणाले.

मी दार लावलं.

“बस. एका संचात पुस्तकं किती?”

“पंचवीस.”

“आपले संच किती?”

“नऊ.”

“म्हणजे उद्या एका बाईंना हा कागद दिला तर परवा दोनशे लेखक दारात उभे राहतील. अकरा वर्षांचं मागतील. कुठून देऊ? संच आपण निम्म्याहून कमी किमतीत देतो. ऑर्डर मिळवायला वाटेत किती हात ओले करावे लागतात ते तुला माहीत नाही आणि माहीत करूनही घेऊ नकोस. गोदामातल्या बारा माणसांचे पगार संचावर निघतात. तुझाही त्यातूनच निघतो.”

“पण भाऊ, पुस्तकं तर त्यांचीच आहेत.”

“पुस्तक त्यांचं आहे. संच माझा आहे.”

हे ते अगदी शांतपणे म्हणाले, आणि मला वाटतं, त्यांचा त्यावर मनापासून विश्वास होता. त्यांच्या वडिलांनीही संच असेच विकले होते. आजूबाजूचे सगळेच तसे विकत होते. चोरी करणाऱ्याला आपण चोरी करतोय हे ठाऊक तरी असतं. भाऊंना तेही ठाऊक नव्हतं.

“ती विभागणी आजच्या आज काढून टाक,” ते म्हणाले. “आणि उद्या बाई आल्या की सांग, आयात करताना घोटाळा झाला. दुसऱ्या पुस्तकाचा आकडा तुमच्या नावावर चढला. कॉम्प्युटरमधलं कुणाला काय कळतं!”

“मी सांगू?”

“फोन तू केलास ना? मग निस्तरायचंही तूच. मी सांगितलं तर त्या माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत. तुझ्यावर ठेवतील.” मग बिलांचा गठ्ठा पुढे ओढत, जणू काही आत्ताच आठवलं असं दाखवत ते म्हणाले, “जुलैपासून तुला कायम करायचं माझ्या मनात होतं. अजूनही आहे.”

मी टेबलापाशी आले आणि विभागणी काढून टाकली. तीन दिवसांचं काम मिटवायला अर्धा तासही लागला नाही. त्रेचाळीस ओळी परत लाल झाल्या. मग भाऊंनी सुचवलं तसं ‘इतर विक्री’ नावाचं एक खातं उघडलं. त्याला कुणाचा करार जोडलेला नव्हता. सगळ्या ओळी त्यात ढकलल्यावर पडदा स्वच्छ झाला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला बाई आल्या. लहानखुऱ्या, सावळ्या, इरकली साडी, केसांचा घट्ट अंबाडा. भोरहून एसटीनं स्वारगेटला उतरून तिथून पायीच आल्या होत्या. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात पुठ्ठ्याची फाइल.

“निलांबरी तूच ना? आवाजावरून मला वाटलं होतं, अशीच असशील,” म्हणत त्यांनी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. “आंबेमोहोर आहे, घरचा. नाही म्हणायचं नाही. काल रात्रभर झोपले नाही बघ. आमच्या शाळेच्या शिपायापासून सगळ्यांना सांगून झालं.”

भाऊ दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी हात जोडले. “या बाई, या. बसा. निलांबरीला तुमच्याशी थोडं बोलायचंय.” आणि खरोखर माझ्या शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी ओढून दिली.

मी रात्री वाक्यं पाठ केली होती. ती तशीच्या तशी म्हटली.

“बाई, काल माझ्याकडून फार मोठी चूक झाली. फायली आयात करताना रकाना एक ओळ खाली सरकला. त्या सहा हजार प्रती तुमच्या पुस्तकाच्या नव्हत्या. खालच्या पुस्तकाच्या होत्या. व्याकरणाच्या.”

व्याकरणाचं कुठून सुचलं कोण जाणे. ते पाठ केलेल्यात नव्हतं.

बाईंचा चेहरा पडला वगैरे काही नाही. त्यांनी फक्त फाइल टेबलावरून उचलून मांडीवर घेतली.

“मग माझ्या किती?”

“यंदा सत्तावीस.”

“सत्तावीस,” त्या म्हणाल्या. “बरोबर आहे. तेवढ्याच असायच्या.”

मला वाटलं होतं त्या चिडतील, वाद घालतील, पडदा दाखव म्हणतील. मी मनातल्या मनात देवाला विनवत होते की म्हणाव्यात. त्या म्हणाल्या असत्या तर कदाचित मी सगळं ओकून टाकलं असतं. पण चाळीस वर्षं पोरांच्या चुका तपासलेली ती बाई. समोरच्या पोरीचं तोंड उतरलेलं बघून तिला वेगळंच काही वाटलं.

“अगं, रडतेस काय! होतं असं. आमच्या शाळेत एकदा अख्ख्या वर्गाचे गुण दुसऱ्या वर्गाच्या यादीवर चढले होते, गावभर पेढे वाटून झाल्यावर कळलं.” त्या भाऊंकडे वळल्या. “भाऊ, हिला बोलू नका हं. आणि याच्यावरून हिला कामावरून काढू तर अजिबात नका. मला शब्द द्या.”

“छे हो बाई,” भाऊ म्हणाले. “ती आमच्याकडेच राहणार. तुम्ही सांगितल्यावर प्रश्नच नाही.”

अशी मी कायम झाले. बाईंच्या रदबदलीनं.

चहा झाल्यावर त्या उठल्या. भाऊंनी फाइलबद्दल विचारलं नाही आणि त्यांनीही काढली नाही. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला खाली गेले. जिना उतरताना त्या कठड्याला धरून मध्येच थांबल्या.

“निलांबरी, एक विचारू? तू नवी आहेस, भाऊंसारखी भिडेला पडायची नाहीस. शिवाय दिवसभर आकडेच बघतेस.” त्यांनी फाइल छातीशी धरली होती. “हे विहिरीचं छापायला द्यावं का कुठे? इथे नाही, दुसरीकडे कुठे. दुसरीकडच्या लोकांना माझे जुने आकडे ठाऊक नाहीत. का आता पुरे? खरं सांग. मला वाईट वाटणार नाही.”

त्या क्षणाला मी पुष्कळ वेळा परत गेले आहे. वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आले की मी त्यांना वाचवायला बघत होते. दुसरं पुस्तकही असंच कुणाच्या तरी गठ्ठ्यात बांधलं गेलं असतं, पुन्हा दर जूनला कार्डं, पुन्हा बावीस आणि नऊ. पण हे काही खरं नाही. खरं एवढंच होतं की त्यांनी दुसरं पुस्तक दुसरीकडे दिलं असतं, तिथल्या एखाद्या भल्या माणसानं संचाचा हिशेब दाखवला असता, त्यांना आमच्याकडचं कोडं उलगडलं असतं आणि त्या परत या जिन्यानं वर येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या असत्या. मला त्यांचं तोंड पुन्हा बघायचं नव्हतं.

“नका देऊ, बाई,” मी म्हणाले. “असल्या पुस्तकांना वाचक नाही.”

“असं म्हणतेस?”

“हो. आकडेच तसे आहेत.”

त्यांनी मान हलवली. रिक्षात बसल्यावर माझ्या गालाला हात लावला आणि तांदळाला कढत पाणी घाल, गार घालू नकोस, असं बजावून त्या गेल्या. पुढच्या जूनला कार्ड आलं नाही. त्याच्या पुढच्या जूनलाही नाही.

मी त्या कचेरीतच राहिले. दोन वेळा पगार वाढला, मग रॉयल्टी विभाग माझ्या हाताखाली आला. ‘इतर विक्री’ हे खातं आजही आहे, दर एप्रिलला मीच भरते. भाऊ सहा वर्षांपूर्वी वारले. आता त्यांचा मुलगा बघतो; त्याला संचातलं फारसं कळत नाही आणि तो मला विचारल्याशिवाय सही करत नाही. माझी मुलगी नोकरीला लागली. आमचं घर झालं.

गेल्या महिन्यात सांगलीहून एक फोन आला.

“मी अनुपमा. शकुंतला भोगल्यांची मुलगी. आई तीन महिन्यांपूर्वी गेली. तिच्या पुस्तकाचे हक्क माझ्या नावावर करून घ्यायचेत, तर काय काय कागद लागतील?”

मी कागद सांगितले. मृत्यूचा दाखला, वारसाचं प्रतिज्ञापत्र, मूळ कराराची प्रत. ती लिहून घेत होती. मग एकदम थांबली.

“तुमचं नाव काय म्हणालात? निलांबरी? म्हणजे आई जिच्याबद्दल बोलायची त्या तुम्हीच का?”

“काय बोलायच्या?”

“नेहमी नाव काढायची.”

मला गप्प बसवेना. “त्यांचं दुसरं एक लिखाण होतं,” मी म्हणाले. “विहिरीतल्या जिवांवरचं. ते आहे का तुमच्याकडे?”

“ते कुठलं! ते तिनं त्याच दिवशी पुण्याहून आल्या आल्या बंबात घातलं. आम्ही सगळे ओरडलो. चार वर्षं जपून ठेवलेलं काम, तिनं स्वतः काढलेली चित्रं होती त्यात. तर म्हणाली, ‘ओरडू नका. इतकी वर्षं सगळे मला गोड गोड सांगत आले. कुंभोजकरांकडची एक मुलगी तेवढी खरं बोलली.’ शेवटपर्यंत म्हणायची हो. म्हणून मलाही तुमचे आभार मानायचे होते. तिला खोट्या आशेवर ठेवलं नाहीत.”

माझ्यासमोर पडदा उघडाच होता. बाईंचं नाव टाकलं असतं, याद्यांची फाइल काढली असती, तर पाच मिनिटांत खरा आकडा वाचून दाखवता आला असता. एव्हाना तो वीस हजारांच्या वर गेला होता. भाऊ नव्हते. मला कुणाची भीती नव्हती, कुणी काढून टाकणार नव्हतं.

“अहो, आभार कसले,” मी म्हणाले, आणि तिचा पत्ता लिहून घेतला.